आबांबद्दल काय लिहू?

प्रश्न: ताई, माझे वडील सुतार होते. आम्ही लोणंदजवळचे. मागच्या कार्तिकात आबा गेले, आता वर्षश्राद्ध येतंय, आणि त्या दिवशी पाहुण्यांना द्यायला आठ पानांची छोटी पुस्तिका काढायची असं आम्ही भावंडांनी ठरवलंय. लिहायचं माझ्याकडं आलं. पण कष्टाळू, देवभक्त, कुटुंबवत्सल असं लिहिलं की दोन ओळींतच संपतं. आबा फार बोलायचे नाहीत, आमच्या हातून काही चुकलं की "गुण्या लाव" एवढंच म्हणायचे. लोणंदला माउलींची पालखी आली की दुकानाला कुलूप लावून दिंडीत निघायचे ते थेट एकादशीला पंढरपूर. त्यांचा एकही भाषण करतानाचा किंवा सत्काराचा फोटो नाही. धाकटा भाऊ म्हणतो हत्यारं विकून टाकू, जागा अडकलीय. काय करू?

उत्तर: दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पुस्तिकेचं पहिलं वाक्य तुम्ही त्यात लिहूनच पाठवलंय, "गुण्या लाव". चौकट काटकोनात आहे की नाही ते बघायचं हत्यार, आणि तेच आबा पोरांच्या वागण्यालाही लावायचे, मग ते बोलायचे नाहीत असं कसं म्हणता?

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आठवा. संतमंडळी जमली, मुक्ताबाईनं विचारलं यात पक्कं मडकं कुठलं आणि कच्चं कुठलं, तर काकांनी मडकी थापटायचं थापटणंच हातात घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारून बघितलं, नामदेव कच्चे ठरले. एवढी मोठी पारख, पण ती कुंभाराच्या अवजारानं झाली. अरणच्या सावता महाराजांचं पण तसंच, १२९५ साली त्यांनी समाधी घेतली असं मानतात, आणि आजही आपण त्यांना मळ्यातच बघतो, कांद्यामुळ्यात विठाई बघणारा माळी म्हणून. त्यांच्या भेटीला पांडुरंगाची पालखी पंढरपूरहून अरणला येते. म्हणून म्हणते, पुस्तिकेत आबांची भक्ती एका पानावर आणि धंदा दुसऱ्या पानावर असं करू नका.

आता लिहायचं कसं. "कष्टाळू" हा शब्द पूर्ण काढून टाका आणि त्याच्या जागी आबांनी केलेली कामं लिहा. गावात फिरा, वही घेऊन. कुणाच्या दाराची चौकट, कुणाचा देव्हारा, कुणाचा पाळणा, कुणाच्या देवळाचा दरवाजा. त्यांच्या हातची बैलगाडी कुणाच्या गोठ्यात अजून पडलेली असेल तर तिचं चाक नीट बघा, मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, वरची लोखंडी धाव म्हणजे कडं. ती धाव जाळात लाल करून चढवतात आणि लगेच पाणी ओततात, मग ती आकसून लाकूड आवळून धरते. हे काम एकट्याचं नाही, तेव्हा पाणी ओतायला कोण असायचं ते विचारा. बहुतेक तुमची आईच असेल, आणि मग तिच्याकडून जे निघेल ते तसंच्या तसं लिहून घ्या, तिच्याच शब्दांत, शुद्ध करत बसू नका.

माझे सासरे बार्शीत शिंपी होते म्हणून हे सांगतेय. ते गेल्यावर आम्हाला त्यांच्या मापाच्या वह्या सापडल्या. छाती, बाही, उंची, एकेका पोराचं माप दर जूनला वाढत गेलेलं, शाळेचे गणवेश ना. आणि प्रत्येक वहीत आषाढात तारखांमध्ये खंड, मग एकादशीनंतर परत मापं सुरू. "वारीला गेलो" असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. मी त्या रात्री जेवले नाही, नुसत्या वह्या चाळत बसले. त्यांनी काय काय बाजूला ठेवून ती वाट धरली, घरातली ओढाताण, लग्नसराई नुकतीच संपलेली, हे मला त्या कोऱ्या जागेतून कळलं, हयात असताना कधी विचारलंच नाही. तुमच्या आबांची पण उधारीची वही, लाकडाच्या हिशेबाची डायरी असणारच, माळ्यावर बघा.

हत्यारांचं म्हणाल तर भावाशी भांडू नका, जागेची अडचण खरी असते. करवत, गिरमिट, वाकस एखाद्या होतकरू सुतार पोराला द्या, विकू नका, वापरात राहतील. पण एक रंधा आणि तो गुण्या घरात ठेवा. खंडेनवमीला दरवर्षी आबा हत्यारं धुऊन पुसून हळदकुंकू लावत असणार, यंदा ते तुम्ही करा, भावाला पण बोलवा. रंध्याची मूठ जिथं त्यांच्या हातानं गुळगुळीत झालीय तिचा जवळून फोटो काढा आणि मुखपृष्ठावर टाका. सत्काराचा फोटो नाही याचं वाईट वाटून घेऊ नका.

आणि आईला एक विचारायचं राहू देऊ नका, वारीला निघताना आबांच्या पिशवीत ती काय काय भरून द्यायची.