‘क्विझ शो’ सिनेमात दाखवलंय तसं उत्तरं आधीच पुरवून टीव्हीवरची स्पर्धा खरंच खेळवली होती का? आपल्याकडे असं होऊ शकतं का?

हो, खेळवली होती. रॉबर्ट रेडफर्डचा १९९४चा सिनेमा ज्यावर बेतलाय तो ‘ट्वेंटी-वन’ हा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर सप्टेंबर १९५६ मध्ये सुरू झाला. पण ‘उत्तरं फोडली’ एवढ्यावर जे थांबतात त्यांना ही भानगड चालायची कशी हेच कळलेलं नसतं. मग त्यातल्या विजेत्या स्पर्धकाबद्दल ‘बिचारा व्हॅन डोरेन, मोहात पडला’ हे पालुपद सुरू होतं, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

आधी खेळ समजून घ्या. दोन स्पर्धक दोन बंद बूथमध्ये, कानाला हेडफोन, समोरच्याचे गुण कळत नाहीत. सूत्रसंचालक जॅक बॅरी विषय सांगणार, स्पर्धकाने १ ते ११ पैकी गुण मागायचे. जास्त गुण मागाल तितका प्रश्न अवघड. बरोबर आलं तर तेवढे जमा, चुकलं तर वजा, आणि २१ला डाव. जिंकणाऱ्याला फरकाच्या प्रत्येक गुणामागे ५०० डॉलर. बरोबरी झाली की पुढच्या डावात गुणाचा भाव आणखी ५००नी चढायचा. शिवाय नव्या माणसाने जिंकलेली रक्कम जुन्या विजेत्याच्या कमाईतून कापली जायची.

पहिला भाग अगदी सचोटीने झाला आणि सपशेल आपटला. स्पर्धक धडाधड चुकत होते, गुण जागचे हलेनात. प्रायोजक होतं जेरिटॉल नावाचं टॉनिक. त्यांनी दुसऱ्याच दिवशी निर्मात्यांना फैलावर घेतलं. तिथून पुढे निर्माता डॅन एन्राइटने सूत्रं हातात घेतली, आणि ठरवायचं होतं ते उत्तरांपेक्षा गुणांचं गणित. कोणी कोणत्या फेरीत किती गुण मागायचे, कुठे चुकायचं, अनेक भागांच्या प्रश्नातला कोणता भाग ‘नंतर सांगतो’ म्हणून बाजूला ठेवायचा आणि कधी परत त्याच्याकडे यायचं, हे सगळं आधी बसवलेलं. नुसती उत्तरं देऊन बरोबरी होत नाही. दोन्ही बाजूंनी आकडे जुळवावे लागतात. तेव्हाचा विजेता हर्ब स्टेम्पल आणि त्याला आव्हान देणारा चार्ल्स व्हॅन डोरेन यांचे चार डाव असेच बरोबरीत सोडवले. त्यामुळे ५ डिसेंबर १९५६च्या शेवटच्या डावात गुणाचा भाव २,५०० डॉलरवर पोचला होता. निकाल १८-१०. आठ गुणांचे २०,००० डॉलर व्हॅन डोरेनला, आणि स्टेम्पलचे ६९,५०० घसरून ४९,५००. याला आपल्याकडे सरळ नुरा कुस्ती म्हणतात, आणि नुरा कुस्तीत पडणाऱ्याइतकीच पाडणाऱ्यालाही तालीम लागते.

स्टेम्पलचं सोंग कसं सजवलं ते बघण्यासारखं आहे. एन्राइट त्याच्या घरी गेला आणि कपाटातून अंगाला न बसणारा जुना डबल-ब्रेस्टेड सूट काढला. फाटक्या कॉलरचा शर्ट, सैनिकी कटिंग, टिकटिक ऐकू येईल असं स्वस्तातलं घड्याळ. घाम रुमालाने पुसायचा नाही, नुसता टिपायचा. बूथमधला एसी बंद ठेवायचा, म्हणजे घाम खराखुरा येतो. शेवटी त्याला हरायला लावलं ते १९५५चं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर कोणाला, या प्रश्नावर. उत्तर होतं ‘मार्टी’, आणि तो त्याचा लाडका सिनेमा. त्याला सांगायला लावलं ‘ऑन द वॉटरफ्रंट’. त्याची चिडचिड पैशांपेक्षा या उत्तराची जास्त होती, असं मला वाटतं.

आता व्हॅन डोरेन. सिनेमात तो आधी नकार देतो, मग ऐन कार्यक्रमात ओळखीचा प्रश्न समोर येतो आणि पाय घसरतो. २ नोव्हेंबर १९५९ला अमेरिकेच्या काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, समितीपुढे त्याने स्वतःच दिलेली जबानी वाचा. निर्माता अल्बर्ट फ्रीडमनने पहिल्या डावाआधीच त्याला सगळं समजावलं होतं: स्टेम्पल फार जाणतो, त्याला हरवणं कठीण, हा शेवटी करमणुकीचा धंदा आहे. व्हॅन डोरेन तयार झाला आणि मग आठवडेच्या आठवडे कुठे थांबायचं, कुठे कपाळावर आठ्या आणायच्या, याची तालीम घेत राहिला. पटकथेने त्याला एक पायरी वर ठेवलंय, आणि स्टेम्पलला मात्र चिडखोर विदूषक केलंय. ज्ञानात स्टेम्पल तसूभर कमी नव्हता.

फुटलं कसं? स्टेम्पल १९५७ पासून वर्तमानपत्रांकडे खेटे घालत होता, पण पुराव्याशिवाय कोण छापणार. मे १९५८ मध्ये ‘डॉटो’ या दुसऱ्याच कार्यक्रमात एका स्पर्धकाची उत्तरं लिहिलेली वही राखीव स्पर्धकाच्या हाती लागली आणि ऑगस्टमध्ये धरण फुटलं. सगळ्यात पक्का पुरावा मात्र जेम्स स्नॉडग्रास या चित्रकाराचा. त्याने मिळालेले प्रश्न आणि उत्तरं प्रक्षेपणाच्या आधी रजिस्टर्ड पोस्टाने स्वतःच्याच पत्त्यावर पाठवली आणि पाकिटं न उघडता ठेवली. पोस्टाच्या तारखेपुढे कोणाची मात्रा चालणार? ती समितीसमोरच उघडली. सिनेमात सगळा उजेड समितीचा तपासनीस रिचर्ड गुडविन पाडतो, कारण मूळ आधार त्याचंच आठवणींचं पुस्तक. प्रत्यक्षात न्यूयॉर्कचे सरकारी वकील जोसेफ स्टोन यांनी ग्रँड ज्युरीसमोर (खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर) महिनोन्‌महिने साक्षी काढल्या होत्या. गुडविन नंतर आला. सिनेमाच्या सुरुवातीला रेडिओवर स्पुटनिक या सोव्हिएत उपग्रहाची बातमी लागते, तीही जवळपास वर्षभर नंतरची; सामना स्पुटनिकच्या आधीचा.

शिक्षेचं म्हणाल तर प्रश्नमंजुषा ठरवून खेळवणं तेव्हा गुन्हाच नव्हता. तसा केंद्रीय कायदा १९६०चा. खटले झाले ते ज्युरीसमोर शपथेवर खोटं बोलल्याचे. व्हॅन डोरेन आणि इतरांनी गुन्हा कबूल केला आणि १९६२ मध्ये शिक्षा स्थगित झाली. जॅक बॅरी १९७२ मध्ये ‘द जोकर्स वाइल्ड’ हा टीव्ही कार्यक्रम घेऊन आला.

आपल्याकडे होऊ शकतं का? पुराव्याशिवाय कोणत्या कार्यक्रमाचं नाव घेण्यात अर्थ नाही. एवढं पाहा की आपला ‘कौन बनेगा करोडपती’ ज्या ब्रिटिश कार्यक्रमावरून आला, तिथे २००१ मध्ये मेजर इंग्रॅम या स्पर्धकाला खोकून उत्तरं सुचवल्याचं प्रकरण घडलं, पण त्यात फसवले गेले ते निर्माते. एन्राइटचा धंदा त्याच्या नेमका उलट होता.

आणि हो, सिनेमा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पॉल स्कोफिल्डने केलेला व्हॅन डोरेनचा बाप एकदा तरी बघाच. फक्त आधी ५ डिसेंबर १९५६चं मूळ चित्रीकरण बघा, आणि कोण किती गुण मागतंय ते कागदावर मांडत जा.