विंगचा दाखला अडकलाय? आधी गेटवरचा आदेश वाचा

नमस्कार. तुमची पोस्ट दोनदा वाचली. पुढच्या महिन्यात परदेशातल्या दूतावासांच्या इमारतींचा कारभार तुमच्याकडे येतोय, एका ठिकाणी बांधून तयार झालेली विंग दीड वर्ष कुलूपबंद आहे, आणि हाताखालची माणसं सांगतात की आपली जागा अनुल्लंघनीय, म्हणजे यजमान देशाला आपल्या परवानगीशिवाय आत येता येत नाही, तेव्हा स्थानिक दाखल्याचं एवढं काही नसतं. हेच मलाही सांगितलं गेलं होतं आणि मी ते मानलं होतं, म्हणून लिहितोय. बजेट, निविदा, सुरक्षेच्या मंजुऱ्या यांत तुमचा हात बसलेला असणार, त्यात शिरत नाही.

आमच्याकडे चॅन्सरीच्या, म्हणजे दूतावासाच्या मुख्य कार्यालयाच्या, मागे तीन मजली विंग उभी राहिली. वीज कंपनी वाढीव भार द्यायला तयार होती, फक्त नगरपालिकेचा पूर्णत्वाचा दाखला हवा होता. दाखल्यासाठी निरीक्षक येऊन पाहणी करणार. आणि गेटवर माझ्याच सहीचा आदेश लावलेला: राजदूतांच्या संमतीशिवाय यजमान देशाच्या कोणत्याही अधिकाऱ्याला आत सोडू नये. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं कलम २२ हेच सांगतं. आदेश बरोबरच होता. पाहणीच्या दिवसाची संमती घेऊन ती आदल्या दिवशी गेटवर पोचवणं माझं काम होतं आणि ते मी केलं नाही.

निरीक्षक पावसात आले. एका हातात ओली छत्री, काखेत नकाशांची गुंडाळी. रक्षकाने त्यांना आदेश दाखवला. वीसेक मिनिटं ते छपराखाली उभे राहिले आणि निघून गेले. मी वर बैठकीत होतो, मला दुपारी कळलं. आठवड्याभरात पत्र आलं: जागा पाहणीसाठी उपलब्ध नाही, सबब प्रकरण बंद.

त्यानंतर त्या कार्यालयाने आम्हाला जे फिरवलं त्याचा राग अजून जात नाही. आमच्या पत्रांना उत्तर नाही. प्रत्यक्ष गेलो तर म्हणाले, हा राजनैतिक मामला, परराष्ट्र खात्यामार्फत या. परराष्ट्र खातं म्हणालं, दाखला पालिकेचा विषय. नव्या अर्जाचं शुल्क मागितलं तेव्हा आम्हीही करमाफीवर तीन महिने वाद घातला. तो घालायला नको होता. कलम २३ करांतून सूट देतं, पण एखाद्या विशिष्ट सेवेचा मोबदला म्हणून जे आकारलं जातं ते त्यात येत नाही. एकूण चौदा महिने गेले. विजेअभावी पंखे, वातानुकूलन काहीच चालू नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर बटणांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं आणि त्यामागच्या भिंतीवर काळी बुरशी चढली होती. माणसं मात्र जुन्या तळघरात दाटीवाटीने बसून काम करत होती.

माझं ठाम मत आहे, आणि ते काहींना पटणार नाही: आपल्या खात्यात कलम २२ सगळ्यांना पाठ असतं, कलम ४१ कुणी उघडत नाही. यजमान देशाचे कायदे पाळणं हे आपलं कर्तव्य आहे असं तिथे स्पष्ट लिहिलंय. त्यांना आपल्या आवारात घुसता येत नाही हे खरं, पण पाणी, वीज आणि दाखला त्यांच्याच हातात असतो.

याचा अर्थ गेट सताड उघडा असा नाही. मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासाचे काँक्रीटचे तयार भाग बाहेर, सोव्हिएत कारखान्यांत बनले आणि त्यातच ऐकण्याची यंत्रं पुरलेली निघाली. १९८५ मध्ये काम थांबलं, इमारत वापरात यायला २००० उजाडलं. रक्षकांची भीती खोटी नसते. म्हणून संमती द्यायचीच, पण मोजून: निरीक्षकाचं नाव, तारीख, वेळ, कोणते मजले, सोबत आपला कोण. हे सगळं एका कागदावर, राजदूतांच्या सहीने. आधी स्वतः तो मार्ग चालून बघा आणि नको त्या खोल्या कुलूपबंद करा.

राजदूतांशी संमतीचं ठरवतानाच अग्निशमनाचंही उरका. १९६३ च्या वाणिज्यदूतविषयक करारात आग लागल्यास संमती गृहीत धरता येते. दूतावासाच्या १९६१ च्या करारात तशी तरतूद नाही. रात्री दोन वाजता बंब दारात उभा असेल तर आत कोणी सोडायचं, हे रक्षकाला लेखी माहीत हवं.

जाता जाता, भाडेपट्टे मूळ भाषेत कुणाकडून तरी वाचून घ्या, विशेषतः बांधकामाच्या मुदतीचं कलम. कॅनबेरात रशियाला २००८ मध्ये संसदेजवळचा भूखंड मिळाला, बांधकाम रखडलं, आणि २०२३ मध्ये सुरक्षेचं कारण देऊन ऑस्ट्रेलियाने कायदा करून पट्टाच संपवला. रिकामा भूखंड राखणं फार अवघड असतं.

मी वकील नाही. प्रत्येक देशात पालिकेची पद्धत वेगळी असते आणि कदाचित तुमच्या विंगचं कारण भलतंच निघेल. तरी कार्यभार घेतल्यावर विंगच्या फाइलबरोबर त्या महिन्यांची गेटवरची नोंदवही मागवा. आमच्या वहीत निरीक्षकांचं नाव, वेळ ९.४० आणि शेरा म्हणून एकच शब्द होता: परत.