स्विफ्ट लोअर केलेली आहे, शॉकअप गेलेत. कंपनीचेच टाकू की छोट्या बॉडीचे?

तुम्ही लिहिलंय की गाडी २०१० ची स्विफ्ट आहे, आधीच्या मालकाने लोअर केलेली, म्हणजे मुद्दाम खाली बसवलेली, पुढचे दोन्ही स्ट्रट, म्हणजे पुढचे शॉकअप, गळतायत, मागून गाडी उड्या मारते आणि गॅरेजवाला म्हणतो, "कंपनीचेच नवे टाका, काही होत नाही." हे 'काही होत नाही' वाचलं आणि लिहायला बसलो. याच वाक्यापायी मी पुढच्या स्ट्रटच्या तीन जोड्या घालवल्या. वर घरात नाव पडलं ते वेगळंच, की याला गाडी चालवता येत नाही.

माझी गाडी २००८ ची, १.३ पेट्रोल. २०१३ साली घेतली. थोरला चुलतभाऊ, दादा, त्याची कोल्हापूरच्या उद्यमनगरात रोजची ऊठबस. त्याच्या ओळखीच्या गॅरेजात गाडी नेली. लोअरिंगच्या तयार स्प्रिंगा घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून होत्या त्याच ग्राइंडरने कापल्या. पुढून दीड वेढा, मागून एक. गाडी चांगली ४५ मिमी खाली आली. रंकाळ्यावर उभी केली की लोक वळून बघायचे आणि मला ते फार आवडायचं. शॉकअपचं काय करायचं, असं मी तेव्हाच विचारलं होतं. दादा म्हणाला, "आरं, स्प्रिंग कापलीया, शॉकअप न्हवं. त्याला काय हुतंय?"

पहिली जोडी जुनीच होती, ती चार-पाच महिन्यांत संपली. दुसरी नवी, कंपनीची, नवव्या महिन्यात गळायला लागली. तिसरी वर्षभर पुरली. दरवेळी गॅरेजात सांगायचे, पीस खराब आला. आणि दादा सगळ्यांसमोर म्हणायचा, खड्डे बघून चालवत जा की.

२०१६ च्या मे महिन्यात गणपतीपुळ्याला निघालो. आई, बायको, मुलगी आणि मी. आंबा घाट उतरताना एका डाव्या वळणावर रस्ता उखडलेला होता. वेग चाळीसच्या आतच होता. चाक खड्ड्यात गेलं, पुढून घण घातल्यासारखा आवाज आला, स्टीअरिंग क्षणभर हातात हलकं पडलं आणि गाडी वळण सोडून समोरच्या लेनकडे सरकली. समोरून एसटी येत होती. ती लांब होती म्हणून निभावलं. आई काही बोलली नाही, पण पुढच्या सीटची कड तिने धरली ती साखरप्यापर्यंत सोडली नाही.

साखरप्यात मागचं डावं चाक पंक्चर निघालं. पंक्चरवाल्याने जॅक लावला, चाक काढलं आणि मला हाक मारली. "साहेब, ही स्प्रिंग बघा." बरणीचं झाकण फिरवावं तशी त्याने एका हाताने स्प्रिंग गोल फिरवून दाखवली. जरा ओढली असती तर निघून आली असती. मागचा शॉक मूळ लांबीचा, तो चाकाला पार खालपर्यंत लोंबू देतो. कापलेली स्प्रिंग तेवढी लांब उरलेलीच नसते. घाटात एखाद्या उंचवट्यावर ते चाक मोकळं सुटलं असतं, तर स्प्रिंग पुन्हा आपल्या जागी बसली असती याची खात्री कोण देणार? मागे माझी मुलगी बसली होती. लोअर गाडीला छोट्या बॉडीचा शॉक लागतो तो आधी यासाठी, की चाक लोंबलं तरी स्प्रिंग दाबलेलीच राहावी.

परत आल्यावर काढलेला एक स्ट्रट लेथवाल्या मित्राकडे नेऊन उभा चिरला. तेल काळं, त्यात बारीक चमकणारी कीस. तळाच्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळल्याच्या खुणा. बंप स्टॉपर, म्हणजे शॉकचा रॉड पार आत आदळू नये म्हणून त्यावर बसवलेला मऊ ठोकळा, तर शिळ्या भाकरीसारखा बोटाने तुटत होता. त्याचा चुरा रॉडवरच्या धूळ अडवणाऱ्या बूटमध्ये, म्हणजे रबरी आवरणात, साठला होता आणि तोच रॉडबरोबर सीलमध्ये जाऊन सील खात होता. ते दोन अर्धे भाग अजून माझ्याकडे आहेत.

कारण साधं आहे. पुढच्या चाकांना असतो त्या मॅकफर्सन प्रकारच्या स्ट्रटमध्ये गाडी जेवढी खाली येते जवळजवळ तेवढाच रॉड आत जातो. ४५ मिमी खाली म्हणजे दाबाच्या बाजूची साधारण तेवढीच चाल गेली. मी तेव्हा मोजलं होतं, गाडी उभी असताना माझ्या रॉडला स्टॉपर लागेपर्यंत फक्त १८ मिमी उरले होते. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने केलेला स्पीडब्रेकरसुद्धा १० सेंमी उंच असतो. तोही गाडी जाते त्या दिशेने ३.७ मीटर रुंद असला तर. आपल्या गल्लीतले कसे असतात ते तुम्हाला माहीत आहे. शिवाय वेढे कमी केले की स्प्रिंग कडक होते, आणि कंपनीच्या शॉकची परतीची पकड, म्हणजे दबलेली स्प्रिंग उसळताना तिला आवरायची ताकद, मऊ स्प्रिंगच्या हिशोबाने ठेवलेली असते. कडक स्प्रिंगला ती आवरत नाही. तुमची गाडी मागून उड्या मारते ती बहुतेक याचमुळे.

तुम्ही खरेदीआधी एक करा. पुढच्या रॉडवरचा बूट वर सरकवा, प्लॅस्टिकचा केबल टाय रॉडला घट्ट बांधा आणि खाली बॉडीला टेकवा. घरातली चार माणसं बसवून रोजच्या रस्त्यावर एक चक्कर मारा. परत येऊन बघा टाय किती वर सरकलाय. तो स्टॉपरला जाऊन चिकटला असेल तर त्या गाडीला मूळ लांबीचा कुठलाही स्ट्रट टिकणार नाही, मग तो कितीही भारी कंपनीचा असो. बॉनेट दाबून 'एकदाच हलली, म्हणजे शॉकअप बरा' ही परीक्षा लोअर गाडीला लावू नका. कडक स्प्रिंग हाताने दबतच नाही.

आता कोणते घ्यायचे. माझं मत स्पष्ट आहे: २५ मिमीपर्यंतच उतरवली असेल आणि स्प्रिंगा कापलेल्या नसतील, तर कंपनीचे किंवा केवायबीच्या एक्सेल-जीसारखे मूळ लांबीचे गॅसचे चालतात. बंप स्टॉपर मात्र त्या प्रमाणात छोटा करायचा, खालचं निमुळतं टोक तसंच ठेवून. त्याच्या खाली गेलात तर छोट्या बॉडीचेच. बिल्स्टीन कंपनीत बी६ मूळ लांबीचा आणि बी८ लोअर गाडीसाठी छोटा. दुकानदार दोन्ही एकच म्हणून देत असेल तर उठून या. कोनी कंपनीच्या पिवळ्या शॉकमध्ये परतीची पकड फिरवून कमीजास्त करता येते, स्प्रिंग नक्की किती कडक आहे हे माहीत नसलेल्याला ते सोयीचं. तुमच्या मॉडेलला यातलं काय मिळतं ते पार्ट नंबरवरूनच बघा. नावावर जाऊ नका, कारण स्विफ्ट याच नावाने जपानात आणि युरोपातही विकली गेली आहे. आणि स्प्रिंगा कापलेल्या असतील तर शॉकच्या किमती विचारण्याआधी स्प्रिंगा बदला. मी ३० मिमीच्या तयार स्प्रिंगा आणि चारही छोटे गॅसचे शॉक २०१७ साली घातले. त्यावर साठ हजार किलोमीटर झाले. एक थेंब नाही.

बसवतानाही उभे राहा. माझ्या दुसऱ्या जोडीच्या वेळी फिटरने वरचा नट सोडताना रॉड पकडीने धरला होता. क्रोमवर दातांचे व्रण मी नंतर नखाने चाचपून बघितले. त्या व्रणावरून प्रत्येक वेळी सील घासत होतं. रॉड ॲलन कीनेच धरायचा. स्ट्रटच्या वरचं माउंटिंग आणि बेअरिंग जुनी ठेवू नका. लोअर आर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांडीच्या, रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पक्के आवळले की खाली उतरवल्यावर रबर पिळलेलं राहतं आणि फाटतं. चाकं जमिनीवर टेकल्यावरच शेवटचा पीळ द्या. नंतर अलाइनमेंट. माझे पुढचे टायर बाहेरून नवे दिसायचे, आतल्या कडेला तारा उघड्या पडल्या होत्या.

दादाचं म्हणणं आजही तेच आहे, खड्ड्यांनी फुटले. मागच्या दिवाळीतही म्हणाला. खड्डे तर तेच आहेत ना? २०१७ नंतर आंबा घाटाने मी किती वेळा गेलो, रस्ता काही गुळगुळीत झालेला नाही, आणि चालवणाराही मीच आहे. बदलली फक्त चाल आणि पकड. दादा मला लहानपणापासून सायकलीपासून सगळं शिकवत आला, त्याच्याबद्दल मनात काही नाही. पण हे एक त्याचं चुकलं, आणि त्यात आई गाडीत होती.

दोन गोष्टी राहिल्या. स्ट्रट चिरायचं मी लिहिलं ते वाचून कोणी घरी ग्राइंडर लावू नका. आत दाबाखाली गॅस असतो, आम्ही आधी लांबून छोटं भोक पाडून तो सोडला होता. दुसरं, लोअर करणं हा कायद्याने बदल धरला जाऊ शकतो. मोटार वाहन कायद्याच्या, गाडीतल्या बदलांवर बंधन घालणाऱ्या कलम ५२ बद्दल सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल आहे, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विमावाले काय विचारतील तेही डोक्यात ठेवा. तुम्हाला खाली बसलेली गाडीच हवी असा हट्ट नसेल, तर मूळ स्प्रिंगा आणि कंपनीचे शॉक घालून गाडी पूर्ववत करणं सगळ्यात स्वस्त पडेल. हे खरं तर वर लिहायला हवं होतं.

उद्या सकाळी मागचं एक चाक जॅकवर पूर्ण सुटेपर्यंत उचला आणि स्प्रिंग हाताने फिरवून बघा. फिरली, तर पैसे जमेपर्यंत त्या गाडीत मागे कोणाला बसवू नका.