शस्त्रनियंत्रणावर काम करणाऱ्या युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांना सरकारी फेलोशिप असते का? भारतीयांना मिळते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की पुण्यात जिओफिजिक्समध्ये एमएस्सी करताय, अणुचाचण्या ओळखण्याच्या शास्त्रात रस आहे, आणि अमेरिकेत प्राध्यापकांना सरकारच वर्षभरासाठी शस्त्रनियंत्रणाच्या कामावर घेतं असं ऐकलंय, तर ते आपल्याला जमेल का. सरळ सांगतो, भारतीय पासपोर्टवर ती फेलोशिप मिळत नाही. पण म्हणून विषय सोडू नका, कारण तुमचं शिक्षण या कामाच्या अगदी गाभ्यातलं आहे.

मी मूळचा साताऱ्याचा, आता अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीत सिस्मॉलॉजी म्हणजे भूकंपशास्त्र शिकवतो आणि इथलं नागरिकत्व घेतल्यावर अशाच एका सरकारी फेलोशिपवर वर्षभर वॉशिंग्टनला होतो.

हे सुरू कसं झालं ते आधी बघा. 1961 साली केनेडींच्या काळात अमेरिकेने या कामासाठी वेगळी संस्थाच काढली, आर्म्स कंट्रोल अँड डिसआर्ममेंट एजन्सी, तिला सगळे ॲक्डा म्हणायचे. पहिले डायरेक्टर विल्यम फॉस्टर, 1969 पर्यंत तेच होते आणि एनपीटी म्हणजे अण्वस्त्र प्रसारबंदी करार त्यांच्याच काळात झाला. पुढे ऐंशीच्या दशकात त्यांच्या नावाने फॉस्टर फेलो ही योजना आली, त्यात युनिव्हर्सिटीतला शिक्षक वर्षभर एजन्सीत येऊन बसायचा, भाषण द्यायला नाही तर रोजच्या फायलींवर काम करायला. पीएचडी करणाऱ्यांसाठी ह्युबर्ट हम्फ्रींच्या नावाची वेगळी फेलोशिप होती, कारण ही एजन्सी व्हावी म्हणून सिनेटमध्ये त्यांनीच जोर लावला होता. 1 एप्रिल 1999 ला ॲक्डा परराष्ट्र खात्यात विलीन झाली आणि फॉस्टर योजनाही तिकडेच गेली. 2003 पासून त्याच खात्याची जेफरसन सायन्स फेलोशिपही आली, ती कायम नोकरीतल्या प्राध्यापकांसाठी, पगार युनिव्हर्सिटीने चालू ठेवायचा आणि वॉशिंग्टनचा राहण्याचा खर्च खात्याने द्यायचा. या योजना सरकारच्या मर्जीप्रमाणे कमीजास्त होत असतात, त्यामुळे कोणी त्यांच्या भरवशावर करिअर आखू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

नावावरून एक घोटाळा हमखास होतो तो आत्ताच सांगतो, हम्फ्री फेलोशिप म्हणून गूगल केलं तर जी सापडते ती दुसरी, नोकरीत काही वर्षं काढलेल्या परदेशी लोकांना एक वर्ष अमेरिकेत बोलावणारी. तिला भारतीय अर्ज करू शकतात, पण तिचा शस्त्रनियंत्रणाशी थेट संबंध नाही.

आता नागरिकत्वाची अट का, तर सिक्युरिटी क्लिअरन्समुळे, म्हणजे गुप्त कागद बघायची सरकारी परवानगी. तो फॉर्म म्हणजे अख्खं आयुष्य लिहून द्यायचं, दहा वर्षांत कुठे कुठे राहिलात, परदेशात कोण कोण नातेवाईक, त्यांचे पत्ते, ते काय करतात, मी साताऱ्याच्या आईवडिलांपासून सासूसासऱ्यांपर्यंत सगळं भरलं. नंतर ऑफिसात शिरताना मोबाईल बाहेरच्या लॉकरमध्ये. आणि एकदा क्लिअरन्स घेतला की तिथे कळलेली गुप्त माहिती आयुष्यभर गुप्त ठेवावी लागते, त्या विषयावर काही छापायचं तर बऱ्याचदा आधी सरकारला दाखवावंही लागतं, संशोधकासाठी ही किंमत लहान नाही आणि अर्ज करण्याआधी याचा विचार केलाच पाहिजे.

पण सरकारला युनिव्हर्सिटीतले लोक लागतातच कशाला? हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. करारावर सही करणं हा राजकारणाचा भाग झाला, समोरचा तो पाळतोय का हे कळणं मात्र शास्त्राचं काम आहे. भूकंपात खडक एका भेगेवर सरकतात, स्फोट सगळीकडे सारखा ढकलतो, त्यामुळे स्फोटात जमिनीच्या आतून जाणाऱ्या लाटांच्या मानाने पृष्ठभागावरच्या लाटा कमजोर असतात, ही वर्षानुवर्षं वापरलेली कसोटी. उत्तर कोरियाच्या अणुचाचण्यांवर नेमकी तीच डळमळली, त्या चाचण्या या कसोटीवर भूकंपांसारख्या दिसायला लागल्या. जमिनीच्या आतून जाणाऱ्या लाटांचे दोन प्रकार, पुढेमागे ढकलणाऱ्या पी आणि आडव्या हलवणाऱ्या एस, त्यांचं जास्त फ्रिक्वेन्सीतलं एकमेकांशी प्रमाण काढलं तेव्हा त्या स्वच्छ वेगळ्या पडल्या. आता असा प्रश्न रात्रीतून उभा राहिला तर तो कळणारा माणूस खोलीत हवा ना, आणि असा माणूस सहसा फायलींच्या मागे नाही, कुठल्यातरी डिपार्टमेंटमध्ये शिकवत बसलेला असतो. उलट बाजूने आम्हालाही शिकायला मिळतं, कराराच्या मसुद्यात ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकोनी कंसात ठेवतात आणि एकेका कंसावर आठवडे जातात, हे पाहिल्यावर मी माझे आकडे किती नेमके लिहायचे ते बदललं.

आपल्याकडे परराष्ट्र मंत्रालयात निःशस्त्रीकरणाचा वेगळा विभाग आहे, पण तो मुख्यतः आयएफएस म्हणजे परराष्ट्र सेवेतले अधिकारी चालवतात. 2019 पासून भारत सरकार या विषयावर फेलोशिप देतं तीही परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांना. आपल्या संशोधकासाठी खरा रस्ता नेट-जेआरएफचा, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची सरकारी फेलोशिप, महिन्याला 37,000 रुपये आणि दोन वर्षांनी 42,000, त्यात डिफेन्स अँड स्ट्रॅटेजिक स्टडीज हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याचं डिपार्टमेंट तुमच्या पुणे विद्यापीठातच आहे. दिल्लीत जेएनयूमध्ये निःशस्त्रीकरणावर पीएचडी होते, संरक्षण मंत्रालयाच्या पैशावर चालणारी, संरक्षणाच्या अभ्यासाची मनोहर पर्रीकर संस्था आहे. तुम्ही मुलगी आहात म्हणून आणखी एक, व्हिएन्नाच्या आयएईए म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची मारी क्युरी फेलोशिप, अणुक्षेत्रात किंवा प्रसारबंदीच्या विषयात मास्टर्स करणाऱ्या मुलींसाठी, वर्षाला फीसाठी 10,000 युरोपर्यंत आणि राहण्यासाठी तेवढेच. तुमची एक एमएस्सी होतेय, पण दुसरी अशा विषयात करायचा विचार असेल तर नक्की बघा. भारताने सीटीबीटीवर म्हणजे सगळ्या अणुचाचण्यांवर बंदी घालणाऱ्या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे त्या कराराच्या संघटनेत नोकरीचा रस्ता आपल्याला अवघड, त्यांचा यूथ ग्रुप मात्र सगळ्यांना खुला आहे.

तरी माझं ऐकाल तर फेलोशिपच्या मागे लागण्याआधी हातात एक काम असू द्या. आपल्याकडे याची परंपरा नाही असं समजू नका, आजच्या बीएआरसीने म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राने 1965 मध्येच ब्रिटिशांच्या मदतीने कर्नाटकात गौरीबिदनूरला सिस्मिक ॲरे म्हणजे भूकंपमापकांचा एक संच उभा केला, तो परक्या देशांचे भूमिगत स्फोट टिपायलाच. तुमच्या घराजवळचा विषय हवा तर कोयना-वारणा भागातले लहान भूकंप आणि खाणीतले सुरुंग वेगळे कसे ओळखायचे हा घ्या, शास्त्र तेच आहे आणि त्यावर कोणी क्लिअरन्स मागत नाही. त्याच्या आधी हात बसवायला चीनमधलं मुडानजियांग हे भूकंप नोंदवणारं स्टेशन घ्या, कोड एमडीजे, उत्तर कोरियाच्या चाचणीच्या जागेपासून साधारण 370 किलोमीटर. 2006 ते 2017 च्या सहाही चाचण्या त्यावर आहेत आणि डेटा कुणालाही फुकट डाउनलोड करता येतो. सहाही उतरवा, त्याच भागातला एखादा खरा भूकंप शेजारी ठेवा आणि पी-एसचं प्रमाण काढून बघा. अडलं तर इथेच कमेंटमध्ये विचारा, मी बघतो.