सोंड, पदर, नेढं: कल्पित प्रदेशाच्या नकाशावर कोणते शब्द?

प्रश्न असा आहे: 'आम्ही तिघंजण मिळून एका कल्पित राज्याची गोष्ट लिहितोय आणि त्याचा नकाशा मी काढतेय. डोंगर खरे वाटावेत म्हणून वरून पाहिल्यासारखे, सावल्या देऊन काढलेत. आता रिज, स्पर, हिलशेडिंग, हॅश्युअर यांना मराठीत काय म्हणू? आणि फँटसी मॅपला "काल्पनिक नकाशा" म्हटलेलं चालेल का?'

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. 'काल्पनिक नकाशा' म्हटलं की नकाशाच नाही असं वाटतं. तुमचा नकाशा तर टेबलावर पसरलेला आहे. मनातला आहे तो प्रदेश. म्हणून 'कल्पित प्रदेशाचा नकाशा' म्हणा. 'कल्पनानकाशा' असा जोडशब्दही करता येईल, पण त्याला परिभाषाकोशाचा वास येतो. नकाशा हा मूळचा अरबी 'नक्श'च्या घरातला, फारसीमार्गे आपल्याकडे आलेला शब्द. नक्षी त्याची सख्खी बहीण. 'त्याचा चांगला नक्षा उतरवला' म्हणतो त्यातला नक्षाही याच घरातला. तेव्हा नकाशात नक्षीकाम करायला शब्दाचीच परवानगी आहे.

आता डोंगर. रिजला, म्हणजे डोंगराच्या लांबलचक माथ्याला, 'धार' आणि स्परला, म्हणजे त्यातून खाली उतरणाऱ्या फाट्याला, 'सोंड'. 'पर्वतकणा' वगैरेच्या वाटेला जाऊ नका. कात्रज ते सिंहगड रात्री चालून गेलेल्या कुठल्याही पुणेकराला विचारा. धार कुठे संपली, टेकाड कुठे लागलं, खिंडीत कुठे उतरलो हे तो झोपेतही सांगेल. 'दांड' हा शब्दही ऐकू येतो, साधारण धार आणि सोंड यांच्या मधला. बारीक फरक गावागणिक बदलतो, त्यात मी पडत नाही.

पण तुमच्या प्रश्नातली खरी मजा 'वरून पाहिल्यासारखे' या दोन शब्दांत आहे. डोंगराचे आपले शब्द पायी चालणाऱ्याचे आहेत. त्यातले काही वरून पाहिलं तरी टिकतात: धार, सोंड, खिंड, खोरं, पठार. काही मात्र समोर उभं राहिल्याशिवाय दिसतच नाहीत. 'नेढं' घ्या. सुईला असतं ते नेढं, आणि राजगडाच्या सुवेळा माचीवर किंवा रतनगडावर कातळाला आरपार पडलेलं भोक तेही नेढं. समोरून त्यातून आभाळ दिसतं. वरून काढलेल्या नकाशात ते काढणार कसं? वर कातळाचं छप्पर आहे, भोक गायब. सुळक्याचंही तसंच: समोरून छाती दडपते, वरून एक ठिपका. त्यामुळे तुमच्या गोष्टीत नेढं, सुळका महत्त्वाचे असतील तर तेवढे डोंगर जुन्या धाटणीने समोरून, उभे काढा. वरून काढलेला उतार आणि समोरून काढलेला सुळका एका कागदावर नांदले तर भूगोलाचे शिक्षक नाक मुरडतील. मला ते चालतं.

'पदर'बद्दल जरा जास्त लिहितो, कारण हा शब्द मला फार आवडतो आणि ट्रेकच्या वर्णनांबाहेर तो कमी दिसतो. कड्याच्या मधोमध जी आडवी, झाडीची पट्टी असते तो पदर. खाली कडा, मग पदर, वर पुन्हा कडा. साडीचा पदर आठवतो खरा, पण मला इथे पोळीचा पदर जवळचा वाटतो. चांगल्या घडीच्या पोळीला पदर सुटतात, तसे सह्याद्रीलाही सुटलेत. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक बसले. त्यातला टणक थर झिजताना सरळ तुटून कडा होतो, ठिसूळ थर ढासळून पदर होतो. या खडकाला भूशास्त्रात 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आलाय. त्यांना पायऱ्या दिसल्या, आपल्याला पदर.

यातून एक अडचण निघते. पदर, माची, कडा हे शब्द या थराथरांच्या खडकातून आलेले आहेत. तुमच्या राज्यातले डोंगर हिमालयासारखे वळ्या पडून उचललेले, टोकदार असतील, तर त्यांच्यावर 'माची' लिहू नका. माचीला सपाटी लागते. तिथे शिखर, हिमनदी अशी नावं ठेवा.

'घाट' जपून वापरा. मराठीत घाट म्हणजे डोंगर चढायची-उतरायची वाट: बोरघाट, वरंधा घाट. अख्ख्या रांगेला घाट म्हणायची सवय इंग्रजी नकाशांनी लावली. तेव्हा तुमच्या नकाशात घाटाचं नाव वाटेच्या रेषेवर पडलं पाहिजे, डोंगरावर नव्हे. दरी आणि खोरं यांचंही असंच. दरी कड्यावरून डोकावून बघायची. तिचं नाव कड्याशी, लहान अक्षरांत. खोरं म्हणजे एका नदीला पाणी देणारा सगळा मुलूख. ते नाव नदीच्या दोन्ही अंगांना ऐसपैस पसरवा.

टेकडी आणि डोंगर? समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर जाऊ नका. वेताळ टेकडी सुमारे 800 मीटरवर आहे, तरी ती टेकडीच, कारण पुणं स्वतःच 560 मीटरच्या आसपास बसलंय. पायथ्यापासून किती चढायचं, त्यावर नाव ठरतं.

आता चित्रकलेचे शब्द. रिलीफला, म्हणजे जमिनीच्या उंचसखलपणाला, भूगोलात 'उठाव' म्हणतात. अठराशे सत्तावनचा उठाव वेगळा आणि लक्ष्मी रोडवर दिवाळीत मालाला असतो तो उठाव आणखी वेगळा, पण संदर्भाने कळतं. हिलशेडिंगला 'उठावाची छाया' किंवा नुसतं 'छायांकन'. प्रकाश डाव्या वरच्या कोपऱ्यातून, म्हणजे वायव्येकडून आल्यासारखी सावली देतात. आपल्या उत्तर गोलार्धात भर दुपारी वायव्येला कुठला सूर्य, पण डोळ्याला वरून येणाऱ्या उजेडाची सवय असते. खात्री हवी तर छायांकित नकाशा उलटा धरा. मी सिंहगडाचा धरला होता. धारांचे ओढे झाले आणि गड खड्ड्यात गेला.

कंटूरला, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषेला, 'समोच्च रेषा' हा शब्द रुळलेला आहे, तो ठेवा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000च्या नकाशात दोन समोच्च रेषांमध्ये 20 मीटर उंचीचं अंतर असतं. कडा आला की त्या एकमेकींना चिकटतात. हॅश्युअरला मला रुळलेला मराठी शब्द सापडला नाही, म्हणून मी 'उताररेघा' सुचवतो. समोच्च रेषा उताराला आडव्या जातात, या रेघा पाणी वाहील तशा उतारावरून खाली ओढतात. 1799 मध्ये योहान गेओर्ग लेमान या सॅक्सन लष्करी अधिकाऱ्याने त्यांना नियम लावला: चढ जितका खडा, तितकी रेघ जाड. शाईने हाताने काढणार असाल तर छायांकनापेक्षा या रेघा सोप्या पडतील.

जाता जाता एक चूक. तुम्ही सोबत लिहिलंय की 'डोंगरातून निघालेल्या नदीला पुढे दोन फाटे फुटतात.' फाटा रस्त्याला फुटतो, कालव्याला फुटतो. नदीला आपण 'मिळते' म्हणतो. मुळेला मुठा मिळते, तिथे संगम होतो. मुखाजवळच्या गाळाच्या सपाटीत नदी फाटते खरी, पण डोंगराच्या पायथ्याशी क्वचितच. तो फाटा खोडा आणि बाण उलटा करून उपनदी करा. म्हणजे तुमच्या नकाशातल्या पूर्वेकडच्या दोन गावांना भांडायला एक संगमही मिळेल.