जावा स्विंगमध्ये माउसने काढलेले आयत विंडो मिनिमाइज केल्यावर पुसले का जातात?

तुम्ही गेटग्राफिक्स (पॅनेलवर काढायचं साधन मिळवणारी मेथड) घेऊन थेट पॅनेलवर काढताय, दुखणं तिथेच आहे. स्विंग, म्हणजे जावाची विंडो-बटणं बनवायची लायब्ररी, तुमचं चित्र लक्षात ठेवत नाही. विंडोचा आकार बदलला किंवा ती मिनिमाइज करून परत उघडली की पॅनेल नव्याने रंगवलं जातं, आणि तेव्हा पेंटकॉम्पोनंटमध्ये (पॅनेल रंगवताना स्विंग स्वतः बोलावतं ती मेथड) जे लिहिलंय तेवढंच उमटतं.

म्हणून आकार यादीत जपा. जेपॅनेलचा (स्विंगच्या पॅनेलच्या क्लासचा) सबक्लास करून त्यात शेपची, म्हणजे आकारांची, अ‍ॅरेलिस्ट ठेवा. माउस सोडला की नवा रेक्टँगल यादीत टाका आणि रिपेंट (पॅनेल पुन्हा रंगवायला सांगणारी मेथड) कॉल करा. पेंटकॉम्पोनंटमध्ये आधी सुपरची, म्हणजे मूळ जेपॅनेलची, तीच मेथड (ही ओळ राहिली तर जुनी चित्रं मागे रेंगाळतात), मग ग्राफिक्स२डीच्या ड्रॉने एकेक शेप.

एक खाच मात्र सांभाळा. उजवीकडून डावीकडे ओढलं तर रुंदी ऋण येते आणि आयत दिसतच नाही. माउस दाबला आणि सोडला त्या दोन्ही बिंदूंमधला लहान एक्स आणि लहान वाय घेऊन कोपरा ठरवा, रुंदी-उंचीला मॅथ.अ‍ॅब्स (ऋण चिन्ह काढणारी मेथड) लावा.

पुढे आकार क्लिकने निवडायचे असतील तर हीच यादी शेवटाकडून तपासत या आणि कंटेन्स (क्लिकचा बिंदू आकाराच्या आत आहे का) विचारा. सगळ्यांत वर दिसणारा आकार आधी सापडतो.