गोळी कोणती, आणि पहिली कधी घेतली?

औषधांमुळे अंगावर उठणाऱ्या पुरळाबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : आईचं वय ६८. लघवीच्या संसर्गासाठी तिने कोट्रायमोक्झॅझोलचा सात दिवसांचा कोर्स घेतला. तो संपून दोन दिवस झाले, आणि आता छाती-पाठीवर बारीक लाल पुरळ उठलंय. खाज आहे, ताप नाही. रक्तदाबाची ॲम्लोडिपिन पाच वर्षं चालू आहे. यूरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल तीन आठवड्यांपूर्वी सुरू झाली. आई म्हणते पित्त आहे, आणि आमसुलाचं पाणी लावते. कोर्स तर संपला, मग औषधाचा दोष कसा? (भांडुप)

उत्तर : आपल्याकडे अंगावर काहीही उठलं की ते पित्तच असतं. खऱ्या पित्ताच्या गांधी जागा बदलतात. एकेक गांध २४ तासांच्या आत बसते आणि दुसरीकडे नवी उठते. एका चट्ट्याभोवती बॉलपेनने रेघ मारा, शेजारी वेळ लिहा. उद्या त्याच वेळी चट्टा तिथेच असेल तर ते पित्त नव्हे. आमसुलाच्या पाण्याने सालपट न निघालेल्या कातडीचं काही बिघडत नाही, पण त्याच्या भरवशावर चार दिवस काढू नका.

कोर्स संपल्यावर पुरळ येणं अगदी नेहमीचं आहे. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला नव्या औषधाविरुद्ध उठायला वेळ लागतो, म्हणून असं पुरळ साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान दिसतं. तेच औषध पूर्वी बाधलेलं असेल तर एक-दोन दिवसांतही. त्यामुळे कागद घ्या आणि प्रत्येक गोळीपुढे पहिली गोळी घेतल्याची तारीख लिहा. डॉक्टरांना पुरळाच्या फोटोइतकाच हा कागद उपयोगी पडतो. तुमच्या आईच्या कागदावर कोट्रायमोक्झॅझोल नवव्या दिवशी येतं, म्हणजे संशय सरळ तिकडे जातो. पण ॲलोप्युरिनॉलही सुटत नाही. तिच्या गंभीर प्रतिक्रिया बहुधा पहिल्या दोन महिन्यांत येतात, आणि मूत्रपिंडं अशक्त असतील तर धोका जास्त. पाच वर्षं घेतलेली ॲम्लोडिपिन यादीत सर्वांत खाली.

तेव्हा आज रात्रीची ॲलोप्युरिनॉल देऊ नका आणि आजच डॉक्टरांना फोन करा. यूरिक ॲसिडची गोळी दोन दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही. पुरळ असताना ती चालू ठेवल्याने बिघडू शकतं. मात्र हा न्याय सगळ्या गोळ्यांना लावू नका. ॲम्लोडिपिन चालूच राहू दे. फिट्सच्या, टीबीच्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या आणि स्टेरॉइड मनाने थांबवायची नसतात. पुरळ दिसलं की पुढचा डोस घ्यायच्या आत विचारायचं.

फोन न करता थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात (केईएम, नायर, शीव, जे जवळ असेल तिथे) कधी जायचं, ते लक्षात ठेवा. ताप चढला. चेहरा किंवा कान सुजले. डोळे लाल होऊन चुरचुरू लागले. तोंडात, ओठांवर किंवा लघवीच्या जागी फोड आले. खाजेऐवजी कातडी दुखायला लागली, फोड धरले, हात लागताच साल सुटू लागली. डोळे पिवळे झाले. जांभळे ठिपके आले आणि काचेचा पेला दाबून धरला तरी ते फिके पडत नाहीत. कातडी सुटायला लागली की भाजल्यासारखं अंगातलं पाणी जातं आणि जंतूंना वाट मोकळी होते. तिथे तासांचा हिशेब असतो. घसा आवळला, श्वास अडला तर १०८.

यातलं काही नसेल तर पुरळ औषध थांबवल्यावरही दोन-तीन दिवस वाढतं, हातापायांवर उतरतं. यामुळे लोक घाबरतात, पण हा त्याचा नेहमीचा क्रम. मग ते तपकिरी पडतं, कोंड्यासारखी साल निघते आणि एक-दोन आठवड्यांत जातं. तोवर कोमट पाण्याची छोटी आंघोळ, अंगाला साबण नको, सुती सैल कपडे. अंग पुसून ओलसर असतानाच साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर भरपूर लावा. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला एका वेळी २५ ते ३० ग्रॅम लागतं, म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दोनदा लावण्यातच संपते. मोठी बाटली आणा. खाजेसाठी सेटिरिझिनची १० मिलिग्रॅमची गोळी रात्री चालते, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस निम्मा होतो, म्हणून आईच्या वयाला विचारूनच द्या. रात्री उठताना झोक जातो, तेव्हा बाथरूमचा दिवा चालू ठेवा. आणि केमिस्ट देतो ती स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेली ट्यूब नको. पुरळाचं रूप बदलतं, डॉक्टरांना निदान करता येत नाही, आणि त्यातल्या निओमायसिन या अँटिबायोटिकचीच वेगळी ॲलर्जी उठू शकते.

प्रश्न : मुलीला फिट्ससाठी आधीपासून व्हॅलप्रोएट आहे, आता लॅमोट्रिजिन सुरू केलंय. डोस मुंगीच्या पावलाने वाढवतायत. गावी गेलो तेव्हा नवी गोळी आठ दिवस राहून गेली. आता पुन्हा पूर्वीच्याच डोसने सुरू करू ना? (कुर्ला)

उत्तर : नाही. आज डॉक्टरांना विचारा. बहुतेक पुन्हा तळापासून चढावं लागेल. लॅमोट्रिजिनचं पुरळ डोस किती वेगाने चढवला यावर बरंच अवलंबून असतं, आणि व्हॅलप्रोएट ते शरीरातून लवकर बाहेर पडू देत नाही. म्हणून एरवी मोठ्या माणसाला पहिले दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम देतात, तिथे व्हॅलप्रोएट असेल तर एक दिवसाआड २५. मुलांचा हिशेब वजनावर. सलग पाच दिवसांहून जास्त खंड पडला की चढलेली पायरी गेली असं धरायचं. व्हॅलप्रोएट मात्र चालू ठेवा. पहिले दोन महिने मुलीला नवा साबण, नवं क्रीम, नवा खाद्यपदार्थ देऊ नका, नाहीतर पुरळ कशाचं ते कळणार नाही.

प्रश्न : औषध सुरू करण्याआधी रक्ताचं 'ॲलर्जी पॅनल' करून घ्यावं का? (मुलुंड)

उत्तर : पैसे वाचवा. ती पॅनलं प्रामुख्याने धूळ, परागकण आणि खाद्यपदार्थांची. बहुतेक औषधांच्या पुरळाचा अंदाज रक्तावरून येत नाही. अपवाद थोडे. कार्बामॅझेपिन या फिट्सच्या गोळीआधी काही लोकसमूहांत एचएलए-बी १५०२ ही जनुकीय तपासणी सुचवतात, ती डॉक्टरांनी सांगितली तर करा. फुकटची तपासणी म्हणजे तोंडाने सांगणं : पूर्वी कोणत्या औषधाने काय झालं, किती दिवसांनी.

प्रश्न : जुलाबाची गोळी घेतली की खालच्या ओठावर त्याच जागी गोल डाग जळजळतो. बरा होतो, पण काळा राहतो. केमिस्टने गोळी बदलून दिली तरी तेच. (गिरगाव)

उत्तर : हे ठरावीक जागेचं औषधी पुरळ. तिथल्या कातडीत प्रतिकारपेशी ठाण मांडून बसतात आणि तेच औषध आलं की काही तासांत पेटतात. दर खेपेला डाग अधिक काळा होतो, शिवाय नवे डागही वाढतात. ओठ आणि लिंगाग्र या त्याच्या आवडत्या जागा. लाजून लपवू नका. काळेपणा जायला महिने लागतात, त्याला ब्लीच क्रीम फासू नये.

केमिस्टने बहुधा नाव बदललं, औषध नाही. जुलाबाच्या बऱ्याच गोळ्यांत एक क्विनोलोन (अँटिबायोटिकचा एक गट) आणि टिनिडाझोल किंवा ऑर्निडाझोल अशी जोडी असते, आणि दोन्ही घटक या डागासाठी कुप्रसिद्ध. साध्या जुलाबाला बहुतेकदा त्यातलं काहीच लागत नाही, ओआरएस पुरतं. ताप किंवा रक्त असेल तर डॉक्टर.

तेच औषध पुन्हा पोटात जाऊ नये म्हणून घटकाचं नाव लिहून पाकिटात ठेवायचं, पण आधी ते हाती लागायला हवं. केमिस्ट दहाच्या स्ट्रिपमधून चार गोळ्या कात्रीने कापून देतो आणि नाव, बॅच, मुदत त्याच्याकडच्या तुकड्यावर राहतात. कात्री लावण्याआधी त्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढून घ्या. प्रतिक्रिया कळवायला औषधसुरक्षा कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. तिथेही पहिला प्रश्न घटकाचाच येईल.